एका कसोटीचा सलामीवीर

१० जून १९८२ रोजी लॉर्ड्सवर इंग्लंड आणि भारत यांच्यातली पहिली कसोटी सुरू झाली, तेव्हा मैदानावर तीन नवखे होते. दोघे इंग्लंडचे, एक भारताचा. इंग्लंडचा ॲलन लॅम्ब पुढे ७९ कसोटी खेळला. केंब्रिज विद्यापीठाचा कर्णधार असतानाच इंग्लंडच्या संघात आलेला डेरेक प्रिंगल ३० कसोटी खेळला. भारताचा नवखा होता सुनील गावसकर यांच्याबरोबर सलामीला उतरणारा सव्वीस वर्षांचा फलंदाज. त्याची पहिली कसोटी हीच शेवटची ठरली. धावफलकावर त्याचं नाव चार आद्याक्षरांसह लागलं होतं. पूर्ण नाव गुलाम अहमद हसन मोहम्मद पारकर. जन्म २५ ऑक्टोबर १९५५, गाव कालुस्ते, तालुका चिपळूण, जिल्हा रत्नागिरी.

आकड्यांच्या पुस्तकात पारकर यांची नोंद दोन ओळींत संपते. एक कसोटी, दोन डाव, ६ आणि १ अशा एकूण सात धावा, सरासरी ३.५०. दहा एकदिवसीय सामने, १६५ धावा, सर्वोच्च ४२, सरासरी १८.३३. काळ १९८२ ते १९८४. या दोन ओळी खऱ्या आहेत, पण त्या वाचून पारकर कमी पडले एवढाच निष्कर्ष काढायचा असेल, तर ती जागा काय होती आणि तिथे आधी-नंतर कोण कोण बसून उठलं, हेही पाहायला हवं.

लॉर्ड्सचं गणित

लॉर्ड्सच्या त्या सामन्यात इंग्लंडने आधी फलंदाजी केली आणि डेरेक रँडलच्या १२६ धावांच्या जोरावर ४३३ धावा उभ्या केल्या. कपिल देवने पाच बळी घेतले. सुमारे दीड दिवस क्षेत्ररक्षण करून भारताचे सलामीवीर उतरले. समोर इयान बोथम आणि बॉब विलिस. विलिस त्या सामन्यापासून इंग्लंडचा कर्णधार झाला होता. पारकर सहा धावांवर बोथमचे बळी ठरले. त्यांच्या मागोमाग वेंगसरकर २, विश्वनाथ १, यशपाल शर्मा ४, अशोक मल्होत्रा ५ अशी रांग लागली. गावसकर ४८ आणि कपिल ४१ एवढेच काय ते टिकले. सारा संघ १२८ धावांत बाद झाला आणि भारतावर फॉलोऑनची नामुष्की आली.

दुसऱ्या डावात विलिसने पारकर यांना एका धावेवर परत पाठवलं. मग दिलीप वेंगसरकरने १५७ धावांची खेळी केली. लॉर्ड्सवरच्या त्याच्या ओळीने तीन शतकांतलं हे दुसरं. कपिलने ५५ चेंडूंत ८९ धावा झोडपल्या. भारत ३६९ पर्यंत पोहोचला, पण इंग्लंडला जिंकायला ६५ धावाच हव्या होत्या. त्यांनी सात गडी राखून सामना घेतला. पडलेले तिन्ही बळी कपिलचेच.

पहिल्या डावात एक, दोन, चार, पाच, सहा अशा धावा करणाऱ्यांच्या रांगेत पारकर यांचे सहा वेगळे उठून दिसत नाहीत. फरक पुढे पडला. विश्वनाथ, वेंगसरकर, यशपाल यांच्या मागे आधीच्या धावांची पुण्याई होती. नवख्याकडे ती नसते. ओल्ड ट्रॅफर्डच्या पुढच्या कसोटीत मल्होत्रा आणि पारकर या दोघांना वगळून संदीप पाटील आणि सुरू नायक यांना घेतलं. पाटीलने तिथे नाबाद १२९ धावा केल्या, त्यामुळे बदल योग्य ठरला यात वाद नाही. पण पाटील मधल्या फळीतला आणि नायक अष्टपैलू. सलामीवीराच्या जागी सलामीवीर आलाच नाही.

कालुस्ते ते मुंबई

कालुस्ते हे चिपळूणजवळचं, वाशिष्ठीच्या खोऱ्यातलं गाव. कोकणी मुसलमानांची मोठी वस्ती असलेल्या गावांपैकी एक. खाडीकाठच्या या समाजाचं जग पूर्वीपासून गावाच्या शिवेपलीकडे पसरलेलं. बोटीवरची नोकरी, मुंबईची गोदी, आफ्रिकेचा किनारा, आणि सत्तरच्या दशकापासून आखाती देश. बोली कोकणी मराठी आणि आडनावं शेजारच्या हिंदू घरांशी जुळणारी. पारकर हे आडनाव तर दोन्हीकडे सापडतं.

पारकर जन्मले तेव्हा कोकण रेल्वे अजून खूप दूर होती. ती पूर्णपणे सुरू व्हायला जानेवारी १९९८ उजाडला. मुंबईला जायचं तर भाऊच्या धक्क्याची बोट किंवा घाटवळणांच्या रस्त्यावरून एसटी. क्रिकेटच्या दृष्टीने हे अंतर आणखी लांब होतं. जिल्ह्यात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर, जमीन उताराची, सपाट भाग दिसला की तिथे भाताची खाचरं. खेळ सुरू व्हायचा तो कापणी झाल्यावर, मोकळ्या पडलेल्या मळ्यांत किंवा जांभ्याच्या कातळसड्यावर. चेंडू बहुधा रबराचा, पुढे टेनिसचा. सीझन बॉल आणि नीट निगा राखलेली खेळपट्टी ही चिपळूण-रत्नागिरीसारख्या गावांतल्या एखाद-दुसऱ्या मैदानावरची चैन. आजही चिपळूणच्या पवन तलाव मैदानावर किंवा रत्नागिरीच्या शिवाजी स्टेडियमवर स्पर्धा लागली की गर्दी लोटते. शिमगा आणि मे महिन्याच्या सुट्टीत चाकरमानी गावी आले की वाडीवाडीचे संघ उभे राहतात. हौसेला तोटा नाही. तोटा आहे तो हौसेला शिडी लावणाऱ्या व्यवस्थेचा.

मुंबईत ती शिडी होती. शालेय पातळीवर हॅरिस आणि गाइल्स शील्ड, मग भर पावसाळ्यात ओल्या खेळपट्टीवर खेळायची कांगा लीग, मग कचेऱ्यांच्या संघांची टाइम्स शील्ड, आणि या सगळ्यातून गाळून उरलेल्यांचा रणजी संघ. १९५८-५९ ते १९७२-७३ असा सलग पंधरा वर्षं रणजी करंडक जिंकणारा हा संघ. त्याच्या अकरांत जागा मिळवणं हेच कित्येकांच्या लेखी कसोटी खेळण्याइतकं मोठं होतं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस पारकर या संघात आले आणि स्थिरावले. त्यांचा भाऊ झुल्फिकार पारकरही मुंबईसाठी यष्टिरक्षण करत असे.

इथे एक प्रशासकीय गंमत लक्षात घ्यायला हवी. महाराष्ट्र राज्यात रणजीचे संघ तीन, मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. रत्नागिरी जिल्हा येतो पुण्यातून चालणाऱ्या महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या कक्षेत. मुंबईशी त्याचा कागदोपत्री संबंध नाही. पण कोकणातल्या माणसाचं पोट मुंबईशी बांधलेलं. त्यामुळे जो गावी राहिला तो पुण्याच्या निवड समितीकडे पाहणार, आणि जो मुंबईला गेला तो मुंबईकर म्हणून गणला जाणार. कोकणाच्या क्रिकेटचं श्रेय अशा रीतीने कोकणाच्या खात्यावर कधी जमाच झालं नाही. गावसकरांचं मूळ वेंगुर्ल्याकडचं. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग वेगळा होईपर्यंत वेंगुर्ला रत्नागिरी जिल्ह्यातच होतं. म्हणजे लॉर्ड्सवर भारताची जी सलामीची जोडी उतरली, तिची दोन्ही मुळं एका वर्षापूर्वीपर्यंत एकाच जिल्ह्याच्या नकाशावर होती. हा योगायोग कुठल्या धावफलकावर दिसत नाही.

४२१

पारकर यांना लॉर्ड्सपर्यंत नेणारी सर्वांत मोठी गोष्ट १९८१-८२ च्या मोसमात मुंबईत घडली. रणजी करंडकात बंगालविरुद्ध गावसकर आणि पारकर यांनी पहिल्या गड्यासाठी ४२१ धावांची भागीदारी केली. या डावात गावसकरांनी केलेल्या ३४० धावा ही त्यांच्या प्रथम श्रेणी कारकिर्दीतली सर्वोच्च खेळी. साहजिकच हा सामना ‘गावसकरांचे ३४०’ म्हणूनच लक्षात राहिला. पण चारशेपार भागीदारी एकट्याने होत नाही. समोरच्या टोकाला तासन्‌तास कुणीतरी उभं असावं लागतं, आणि तेही गावसकरांच्या शिस्तीला साजेशा पद्धतीने.

शिवाय पारकर यांच्याकडे आणखी एक भांडवल होतं, क्षेत्ररक्षण. कव्हर्समधले चपळ क्षेत्ररक्षक म्हणून त्यांचा लौकिक होता. त्या काळच्या भारतीय संघात धावून चेंडू अडवणारे मोजकेच. सलामी आणि कव्हर्स ही दुहेरी उपयुक्तता एकदिवसीय सामन्यांच्या वाढत्या जमान्यात निवड समितीला मोहात पाडणारी होती. इंग्लंड दौऱ्यावर ते आधी एकदिवसीय सामन्यांत खेळले, २ जूनला हेडिंग्लीवर त्यांचं पदार्पण झालं, आणि आठवडाभरात कसोटीची टोपी मिळाली.

गावसकरांच्या समोरचं टोक

आता मुद्द्याची गोष्ट. भारतीय क्रिकेटमध्ये गावसकरांच्या समोरचं टोक ही त्या दोन दशकांतली सर्वांत अस्थिर जागा होती. अशोक मंकड, रामनाथ पारकर, सुधीर नाईक, अंशुमन गायकवाड, अगदी सुरुवातीचा वेंगसरकर, किती जणांनी तिथे उभं राहून पाहिलं. नाईक तीन कसोटींत संपले, रामनाथ पारकर दोनच खेळले. या जागेवर जो खरा टिकला तो चेतन चौहान. ४० कसोटी, २०८४ धावा, शतक एकही नाही, पण १९७९ मध्ये ओव्हलवर गावसकरांबरोबर २१३ धावांची सलामी देणारा हा खंदा जोडीदार. तोही १९८१ नंतर संघाबाहेर गेला.

मग धावाधाव सुरू झाली. नोव्हेंबर १९८१ मध्ये मुंबईच्या कसोटीत कृष्णम्माचारी श्रीकांत आला. त्याच मालिकेच्या अखेरीला पंकज रॉय यांचा मुलगा प्रणव रॉय आला, दोन कसोटी खेळला आणि गेला. जून १९८२ मध्ये गुलाम पारकर, एक कसोटी. सप्टेंबर १९८२ मध्ये मद्रासला श्रीलंकेविरुद्ध अरुण लाल, त्याने पदार्पणातच अर्धशतक ठोकलं. दहा महिन्यांत चार नवे सलामीवीर. यात प्रत्येकाच्या गुणांपेक्षा निवड समितीची घाई जास्त बोलते.

गंमत अशी की या चौघांपैकी कुणीही त्या वेळी प्रश्न सोडवला नाही. तो सोडवला एका फिरकी गोलंदाजाने. १९८१ मध्ये वेलिंग्टनला डावखुरा फिरकीपटू म्हणून संघात आलेला रवी शास्त्री पारकर यांच्या जागी ओल्ड ट्रॅफर्डवर सलामीला गेला. तिथे तो शून्यावर बाद झाला. पण त्याला ओव्हलवर पुन्हा पाठवण्यात आलं आणि त्याने ६६ धावा केल्या. त्या सामन्यात सिली पॉइंटला उभ्या असलेल्या गावसकरांच्या पायावर बोथमचा फटका आदळून हाड मोडलं होतं. बोथमने त्या डावात २०८ धावा केल्या. भारताचा कर्णधार आणि एकमेव पक्का सलामीवीर फलंदाजीला उतरूच शकला नाही. सामन्याच्या मधोमध अकरांतला खेळाडू बदलता येत नसल्यामुळे दौऱ्यावरच्या सलामीवीरांना बाहेर बसून पाहण्यापलीकडे काही करता आलं नाही. सात महिन्यांच्या आत शास्त्रीने कराचीत सलामीला येऊन १२८ धावा केल्या.

शास्त्रीचं हे यश त्याच्या जिद्दीचं, पण त्यात एक सवलतही दडलेली आहे. शून्यावर बाद झाल्यावर त्याला पुढची कसोटी मिळाली, कारण तो गोलंदाजीही करत होता. त्याच्या फलंदाजीची परीक्षा लांबवता येत होती. निव्वळ सलामीवीराला अशी दुसरी उपजीविका नसते. श्रीकांतलाही वगळलं गेलं, पण तो परतला आणि ४३ कसोटी खेळला. चौहान तर १९६९ मध्ये पहिली कसोटी खेळून बराच काळ बाहेर होता आणि सत्तरीच्या उत्तरार्धात परतून खरा चौहान झाला. या तिघांच्या कहाण्यांत समान धागा आहे तो दुसऱ्या संधीचा. पारकर यांच्या कसोटी कारकिर्दीत नेमकी तेवढीच गोष्ट नाही.

दोन पारकर

पुष्कळ क्रिकेटरसिक गुलाम आणि रामनाथ या दोन पारकरांमध्ये गल्लत करतात, आणि त्यात त्यांचा फारसा दोष नाही. दोघेही मुंबईचे सलामीवीर. दोघेही गावसकरांचे जोडीदार. दोघेही कव्हर्समधल्या क्षेत्ररक्षणासाठी नावाजलेले. दोघांचाही जन्म ऑक्टोबरचा. नात्यागोत्याचा मात्र संबंध नाही. रामनाथ १९४६ साली मुंबईत जन्मले, १९७२-७३ मध्ये टोनी लुईसच्या इंग्लंड संघाविरुद्ध दिल्ली आणि कलकत्ता इथे दोन कसोटी खेळले आणि त्यांत मिळून ८० धावा केल्या. उतारवयात रस्त्यावरच्या अपघातानंतर ते दीर्घकाळ बेशुद्धावस्थेत होते. १९९९ मध्ये त्यांचं निधन झालं.

एका दशकाच्या अंतराने एकाच आडनावाचे, एकाच जागेचे, एकाच कसबाचे दोन खेळाडू, आणि दोघांच्या मिळून कसोटी तीन. मुंबईच्या रणजी संघात वर्षानुवर्षं उपयोगी ठरलेले हे खेळाडू देशाच्या संघात पाहुण्यासारखे येऊन गेले.

शारजा, एप्रिल १९८४

कसोटीचं दार बंद झाल्यावरही एकदिवसीय संघाचं दार पारकर यांच्यासाठी किलकिलं राहिलं. १९८३ च्या विश्वचषक संघात ते नव्हते. पण त्या विजयानंतर वर्षभरातच भारताने जो दुसरा करंडक जिंकला, त्यात ते होते. सप्टेंबर १९८३ मध्ये आशियाई क्रिकेट परिषद स्थापन झाली आणि एप्रिल १९८४ मध्ये शारजाला पहिला आशिया चषक भरला. संघ तीनच, भारत, पाकिस्तान आणि श्रीलंका. प्रत्येकाने दुसऱ्या दोघांशी एकेकदा खेळायचं, अंतिम सामना नाही. कपिल नसल्यामुळे कर्णधारपद गावसकरांकडे होतं. त्यांनी स्वतः मधल्या फळीत खेळायचं ठरवलं आणि सलामीला पाठवलं दिल्लीचा यष्टिरक्षक सुरिंदर खन्ना आणि गुलाम पारकर यांना.

८ एप्रिलला श्रीलंकेचा डाव ९६ धावांत आटोपला. खन्ना आणि पारकर यांनी एकही गडी न गमावता बावीस षटकांच्या आत ९७ धावा काढल्या. खन्ना नाबाद ५१, पारकर नाबाद ३२. १३ एप्रिलला पाकिस्तानविरुद्ध भारताने चार बाद १८८ केल्या आणि पाकिस्तानला १३४ धावांत रोखलं. खन्नाने पुन्हा अर्धशतक काढलं. ५४ धावांनी सामना आणि त्याबरोबर पहिला आशिया चषक भारताच्या हाती आला.

तेव्हाच्या शारजाचं रत्नागिरीशी नातं होतं. आखातात पोटासाठी गेलेल्या कोकणी माणसांची पहिली पिढी दुबई, शारजा, कुवेत, मस्कत इथे रुजत होती. खाडीकाठच्या गावांत मनिऑर्डरींनी घरं उभी राहत होती. अशा देशात, भारताच्या पाकिस्तानवरच्या विजयात, सलामीला चिपळूण तालुक्यातला मुलगा उतरतो, हे दृश्य त्या लोकांना काय वाटलं असेल ते सांगायला आकडेवारी लागत नाही.

त्या विजयाचं पुढे काय झालं ते पाहण्यासारखं आहे. खन्ना स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. तरीही त्याची एकदिवसीय कारकीर्द दहा सामन्यांवर थांबली, पारकर यांचीही दहावरच. दोघांचाही शेवट १९८४ सालीच. भारताला पहिला आशिया चषक मिळवून देणारी सलामीची जोडी वर्ष संपायच्या आत संघाबाहेर होती. श्रीकांत आणि शास्त्री सलामीला आले, आणि मार्च १९८५ मध्ये मेलबर्नला भारताने बेन्सन अँड हेजेस स्पर्धा जिंकली. जिंकणाऱ्या संघात बदल हवा अशी मागणी कुणी करत नाही.

एका कसोटीचं माप

महाराष्ट्राला एका कसोटीची माणसं नवी नाहीत. पारकर जन्मले त्याच वर्षीच्या न्यूझीलंड मालिकेत दोघे मराठी खेळाडू असे आले आणि गेले. कोल्हापूरचे वेगवान गोलंदाज सदाशिव पाटील मुंबईच्या कसोटीत खेळले, दोन्ही डावांत एकेक बळी घेतला आणि भारत डावाने जिंकूनही पुन्हा निवडले गेले नाहीत. पेणमध्ये जन्मलेले यष्टिरक्षक चंद्रकांत पाटणकर कलकत्त्याला एक कसोटी खेळले, त्यात चार बळींना हातभार लावला, आणि तेही तिथेच थांबले. १९८९ मध्ये कराचीत सोलापूरचा सलील अंकोला पदार्पण करत होता, त्याच सामन्यात सचिन तेंडुलकरही. एकाने २०० कसोटी खेळल्या, दुसऱ्याने ती एकच.

या यादीकडे दयेने पाहण्याची गरज नाही. यातला प्रत्येक जण हजारो खेळाडूंना मागे टाकून तिथवर पोहोचला होता. त्याचबरोबर त्यांचं अपयश नाकारण्याचीही गरज नाही. लॉर्ड्सवर सहा आणि एक या धावा कमीच. मात्र एका सामन्यातून फलंदाजाची कुवत कळत नाही. त्याचा त्या आठवड्यातला सूर आणि समोरच्या गोलंदाजांचा दर्जा एवढंच कळतं. म्हणून अलीकडे भारतीय संघात नव्या सलामीवीराला सहसा पूर्ण मालिका दिली जाते, त्याआधी ‘अ’ संघाबरोबर परदेशी पाठवून तिथल्या खेळपट्ट्यांची सवय लावली जाते. १९८२ मध्ये ही सोय नव्हती. मुंबईत बंगालविरुद्ध चारशेवर धावांची सलामी देऊन आलेल्या माणसाने इंग्लंडच्या जूनमध्ये बोथमच्या स्विंगपुढे दोन डावांत स्वतःला सिद्ध करावं, अशी ती रीत होती.

रत्नागिरीच्या नावाने

२०२३ मध्ये महाराष्ट्र क्रिकेट संघटनेने महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू केली. तिच्यात ‘रत्नागिरी जेट्स’ नावाचा संघ उतरला आणि अझीम काझीच्या नेतृत्वाखाली पहिलंच विजेतेपद पटकावलं. पुढच्या वर्षीही चषक त्यांच्याकडेच राहिला. जिल्ह्याचं नाव क्रिकेटच्या मथळ्यांत आलं याचा आनंद रास्त आहे. पण सामने झाले पुण्याजवळच्या गहुंजे मैदानावर. रत्नागिरीच्या नावाने संघ आला, रत्नागिरीत मात्र तशा दर्जाची खेळपट्टी आली नाही.

गुलाम पारकर यांच्या कारकिर्दीतून रत्नागिरीने काही शिकायचं असेल तर ते इथे आहे. कालुस्त्याच्या मुलाला लॉर्ड्सपर्यंत जाण्यासाठी आधी मुंबईकर व्हावं लागलं, आणि तिथे पोहोचल्यावर एकच सामना मिळाला. दुसरी गोष्ट निवड समितीच्या हातातली, तिच्यावर जिल्ह्याचं काही चालत नाही. पहिलीवर चालतं. पावसानंतर लवकर सुकणारं एखादं बारमाही मैदान, सीझन बॉलवर नियमित भरणारी तालुकावार लीग, आणि पुण्याच्या निवड समितीचा माणूस वर्षातून दोनदा तरी चिपळूण, खेड, रत्नागिरीच्या मैदानांवर येऊन बसेल असा आग्रह, एवढं जमलं तर पुढच्या सलामीवीराच्या नावापुढे रत्नागिरीची नोंद जन्मगावापुरती राहणार नाही.